बेहड्याकडे पाठ

पक्षी न दाखवता माणसांना खूश करून घरी पाठवायची कला भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून एकाच माणसाला साधली होती, आणि तो माणूस नेमका माझा साडू निघावा हा माझ्या नशिबाचा भाग. हिच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. भोरच्या बाजारपेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, एक माणूस आत बसला की दुसऱ्यानं पायरीवर उभं राहावं एवढं. दुकानावर ‘घड्याळ दुरुस्ती’ अशी जुनी पाटी होती आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी तिच्याखाली दुसरी लागली, ‘दर रविवारी निसर्ग सहल. पक्षी दाखवले जातील.’ त्याच्याही खाली बारीक अक्षरात ‘आल्यास’ एवढा एकच शब्द होता. तो शब्द मी सोडून कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. मी वाचला, कारण आयत्या वेळी तो पाटीत घालून घ्यायला पेंटरच्या डोक्यावर मलाच उभं केलं होतं.

मी तेव्हा पुण्यात टेलिफोनच्या ऑफिसात होतो. आठवड्याचे सहा दिवस लोकांचे बंद पडलेले फोन आणि त्यांची न बंद पडणारी तोंडं ऐकायची, आणि सातव्या दिवशी दहापर्यंत झोपायचं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. साडूंनी ती दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या मोडीत काढली. त्यांच्या सहलीला पुढून नेणारा माणूस होता, ते स्वतः. पण मागून हाकणारा माणूस नव्हता. कुणी बांधावर बसून राहिलं, कुणाची चप्पल तुटली, कुणी करवंदांच्या जाळीत अडकलं तर बघायला घरचं माणूस हवं होतं. हिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, परस्पर होकार दिला. तेव्हापासून पहाटे स्वारगेट, मग विंझरला उतरून साडूंची भोरहून येणारी गाडी येईपर्यंत टपरीवरचा चहा, आणि मग पालीच्या अंगानं राजगडाच्या पायथ्याशी दिवसभर वणवण, असा माझा रविवार लागला. खांद्याला पाण्याचा कॅन आणि पिशवीत आयोडीनची बाटली. मागचा माणूस असल्यामुळे मला पक्षी असा कधी दिसलाच नाही. पुढचे पंधरा जण बघून होईपर्यंत तो उडालेला असायचा. मी पाहिल्या त्या फक्त पाठी. पुण्यातल्या सुशिक्षित लोकांच्या पाठींचा माझ्याइतका अभ्यास दुसऱ्या कुणाचा नसेल.

साडूंना हा नाद लागला तो डोळ्यांच्या डॉक्टरमुळे. तीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघितल्यावर त्यांचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरनं सांगितलं, आठवड्यातून एक दिवस लांबचं आणि हिरवं बघत जा. दुसरा कुणी असता तर गच्चीत खुर्ची टाकून बसला असता. साडू औषधाच्या बाबतीत फार काटेकोर. लांबचं म्हणजे किती लांबचं, असं त्यांनी विचारलं, आणि डॉक्टर कंटाळून म्हणाले की झाडावरचा पक्षी ओळखता येईल एवढं. झालं. पक्षी ओळखायचा म्हणजे त्याचं नाव माहीत हवं, नाव कळायचं म्हणजे पुस्तक हवं, पुस्तकात चित्र सापडेपर्यंत पक्षी थांबत नाही म्हणून पुन्हा पुढच्या रविवारी जायला हवं. दोन वर्षांत डोकेदुखी थांबली आणि त्यांना भोर-वेल्ह्यातलं प्रत्येक उंबराचं झाड तोंडपाठ झालं. त्याच सुमारास बाजारात सेलवरची स्वस्त घड्याळं आली. ती बिघडली की लोक फेकून देत, दुरुस्तीला आणत नसत. साडूंकडे वेळच वेळ झाला.

पक्षी कुठे बसलाय हे सांगण्याची त्यांची पद्धत खास त्यांच्या धंद्यातली होती. बोट दाखवायचं नाही, बोटानं पक्षी बुजतो. त्याऐवजी झाड हेच घड्याळ समजायचं. शेंडा बारावर, बुंधा सहावर. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण साडू पुढे म्हणत, “आता दोन वाजून पस्तीस मिनिटांवर बघा,” आणि गोंधळ उडे. त्यांच्या हिशेबानं मिनिटकाटा जायचा बाहेरच्या फांदीकडे आणि तासकाटा सांगायचा की त्याच फांदीवर पक्षी बुंध्यापासून किती आत आहे. हे त्यांना इतकं उघड वाटे की समजावून सांगणं त्यांना अपमानास्पद वाटायचं. निम्मे लोक एका काट्याकडे बघत, निम्मे दुसऱ्याकडे, एखादी बाई मनगटावरच्या घड्याळात बघे. बँकेतल्या एका साहेबांनी एकदा अतिशय गंभीरपणे विचारलं होतं की दोन पस्तीस सकाळचे की दुपारचे. तोवर पक्षी दुसऱ्या तालुक्यात गेलेला असायचा. साडूंना त्याचं काही वाटत नसे. ते सगळ्यांना तीच रिकामी फांदी दाखवून म्हणत, “हितं बसला होता. फांदी अजून हलतीया बघा.” आणि गंमत अशी की लोक ती हलणारी फांदी मनापासून बघत आणि वहीत पक्ष्याचं नाव टिपून घेत.

आवाजाच्या बाबतीत तर त्यांनी आमचा छळच मांडला होता. बोलायचं नाही, शिंकायचं नाही, चालताना पायाखाली वाळलेलं पान आलं तर ओलांडून जायचं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी होती, कारण त्या वाजतात. डबे फडक्यात बांधून आणायचे. पण खरा प्रश्न चिवड्याचा होता. पुण्याचा माणूस सहलीला चिवडा आणणारच, आणि पंधरा माणसं एकदम चिवडा खायला लागली की ओढ्याकाठची शांतता संपते. साडूंनी त्यावर उपाय काढला. शनिवारी रात्री माझी मेहुणी चिवडा परातीत काढून दमट माजघरात उघडा ठेवी, म्हणजे सकाळपर्यंत तो चांगला सादळे. सहलीत तोच चिवडा वाटला जाई. एरवी नावाजलेली सुगरण, पण त्या चिवड्यामुळे बिचारीची पुण्यापर्यंत बदनामी झाली. मी पंधरा वर्षं तो चिवडा खाल्ला. कुरकुरीत चिवडा खाल्ला की मला अजूनही कुणीतरी दटावेल असं वाटतं.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे राखण. आमचा रस्ता गावकऱ्यांच्या खाचरांच्या बांधांवरून जायचा. पहिल्याच वर्षी, भात लोंबीला आलेलं असताना, शेतकऱ्यांनी आम्हाला अडवलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बांध तुडवायचा, आणि वर ज्या पाखरांना हाकलता हाकलता त्यांचा जीव मेटाकुटीला आलाय तीच पाखरं कौतुकानं बघायची, हे त्यांना पटेना. साडूंना कुणाला नाही म्हणता येत नसे. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला की आमच्या बांधावरून जाण्याच्या बदल्यात आमची माणसं तासभर पाखरं राखतील. त्या भागात सावड असते, आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या, तसाच हा व्यवहार. मग दर रविवारी, पक्षी बघायला म्हणून पहाटे उठून आलेली पंधरा माणसं आधी एक तास हातात पत्र्याचा डबा घेऊन खाचराभोवती उभी राहत आणि मुनियांचे थवेच्या थवे आरडाओरडा करून उडवून लावत. आणि मग दिवसभर कुजबुजत, पाय न वाजवता, तेच थवे शोधत हिंडत. कुणी तक्रार केली तर साडू म्हणत की उडताना पाखरू नीट दिसतं, पंखाखालचा रंग कळतो. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज तर असा लागला की पुढल्या वर्षी शेतकरी त्या आल्यात का म्हणून विंझरच्या स्टँडवर चौकशी करून गेले. बाई पुढे पक्षी सोडून नुसत्या राखणीला येऊ लागल्या.

आता हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण पुढचं जे सांगणार आहे ते मी आजवर घरातही धड सांगितलेलं नाही.

पालीच्या वाटेवर हौसाबाईंचं शेत होतं. साठीच्या, एकट्या, काटक बाई. त्यांच्या बांधावर बेहड्याचं जुनं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेशाची जोडी वीण घालायची. धनेशाची रीत निराळी. मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखल-विष्ठेनं दार लिंपून घेते, फक्त चोचीचं टोक बाहेर येईल एवढी फट ठेवते. मग जवळजवळ तीन महिने ती आत आणि नर बाहेर. तो उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. तो आला नाही तर आत अंडी आहेत, पिल्लं आहेत, ती स्वतः आहे, आणि पिसं झडलेली असतात म्हणून तिला धड उडताही येत नाही. हौसाबाई तिला बाळंतीण म्हणत. साडूंनी त्यांना शब्द दिला होता की ती ढोली कुणाला म्हणून दाखवणार नाही. पक्षी दाखवणं हा ज्याचा उद्योग, त्याच्याजवळ सगळ्या मुलखात खात्रीनं दिसेल असा एकच पक्षी होता, आणि नेमका तोच तो दाखवत नव्हता.

त्यामुळे चैत्र-वैशाखात आमची फौज बेहड्याजवळ आली की साडू हात वर करून सगळ्यांना विरुद्ध दिशेला वळवत. ओढ्यापलीकडे खंड्या बसलाय, नजर हलवू नका, तसेच चालत राहा. तिथे खंड्या नसायचा. एकदा खरोखरच होता, तेव्हा सगळ्यांत जास्त दचकले ते साडू. पंधरा माणसं बेहड्याकडे पाठ करून, नसलेला खंड्या शोधत, आडवं आडवं चालत जायची. आणि हे गुपित हौसाबाई सोडून फक्त मला माहीत होतं, कारण मागे रेंगाळणाऱ्याला तिथून लवकर हलवणं हे माझं काम होतं. साडू स्वतःसुद्धा त्या झाडाकडे बघत नसत. माणूस कुठे बघतो ते लोक बरोबर हेरतात, असं ते म्हणत. ती जागा येईपर्यंत आपली नजर जमिनीला खिळवून ठेवत.

त्या वैशाखातल्या रविवारी ऊन असं होतं की पाखरंच काय, सरडासुद्धा बाहेर नव्हता. सकाळपासून आम्ही चार रिकाम्या फांद्या पाहिल्या होत्या. बुटानं माझा तळवा सोलून निघाला होता. साडेतीनची एसटी विंझरला मिळाली तर सहाच्या आत घरी, नाही तर नऊ. मला दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती आणि मला झोपायचं होतं. बस्स, एवढंच. मी त्या दिवशी इतका थकलो होतो की मला कुणाचा राग येण्याचंही त्राण नव्हतं. आणि एक मनुष्य, मोठा कॅमेरा गळ्यात अडकवलेला, बेहड्यापासून थोड्या अंतरावर दगडावर बसला. बाकीचे खंड्या शोधत पुढे गेले. हा हलेना. एक तरी चांगला फोटो मिळाल्याशिवाय मी उठणार नाही म्हणाला. मी विनवलं, पाणी दिलं, गाडीची वेळ सांगितली. तो म्हणाला की गाडी तुमची आहे, माझी नाही.

आणि मी त्याला ढोली दाखवली. मी बोट केलं. ते घड्याळाचे काटे वगैरे काही नाही, सरळ बोट केलं, आणि म्हटलं की त्या फटीकडे बघा, नर येईल, एक फोटो काढा आणि चला. दहा मिनिटांत नर आला. त्याला फोटो मिळाला. मग तो गडी असा तरातरा चालला की आम्ही सगळ्यांच्या पुढे विंझरला पोचलो. साडेतीनची गाडी मिळाली. मी खिडकीशी बसून कात्रजपर्यंत गाढ झोपलो. मला काहीसुद्धा वाटलं नाही.

पुढच्या रविवारी मी ताप आल्याचं सांगून घरी राहिलो. ताप नव्हता. सोमवारी ऑफिसात साडूंचा फोन आला. ते एसटीडी बूथमधून बोलत होते आणि नेहमीसारखं आधी माझ्या तब्येतीची चौकशी करून मग सांगायला लागले. रविवारी ते लोकांना घेऊन बेहड्यापाशी पोचले तर झाडाखाली सात माणसं. कॅमेऱ्यांच्या तिपाया लावलेल्या, हिरवं कापड बांधून आडोसा केलेला, आडवी येते म्हणून करवंदाची जाळी तोडलेली. पहाटेपासून बसले होते. हौसाबाईंनी हाकललं तर ते हसले. नर चोचीत उंबर धरून समोरच्या झाडावर दुपारपर्यंत बसून होता, ढोलीकडे आलाच नाही, मग उडून गेला. सोमवारी सकाळी आणखी एक जीप आली होती. आत तिला दोन दिवस कुणी भरवलेलं नाही. हे सगळं साडूंनी सांगून संपवलं. मग म्हणाले, “माझीच नजर गेली असंल झाडाकडं. लोक हुशार असत्यात, पाव्हणं. कुणी तरी माझ्या डोळ्यात बघितलं.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर तीन माणसं बंद फोनच्या तक्रारी घेऊन उभी होती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. मी फक्त येतो म्हणालो. रजेच्या अर्जात ‘नात्यात बाळंतपण’ असं कारण लिहिलं, साहेबांनी काही न विचारता सही केली, आणि मंगळवारी पहिल्या गाडीनं मी पालीत पोचलो.

तिथे जे चाललं होतं ते पाहून मी पार वरमलो. साडूंना कुणाकडे मदत मागता यायची नाही, पण हौसाबाईंनी घरोघर निरोप धाडला होता आणि वाटेवरच्या सगळ्या घरांतून माणसं राखणीला आली होती. इतकी वर्षं तुमच्या लोकांनी आमचं भात राखलं, आता सावड फेडायची आमची पाळी, असं त्यांचं साधं म्हणणं. फक्त अडचण अशी की ही राखण माणसांची होती आणि डबा वाजवायची सोय नव्हती. आरडाओरडा केला तर आधी धनेशच पळणार. तेव्हा गावानं बिनआवाजाची राखण शोधून काढली. कॅमेरावाले पाणंदीच्या तोंडाशी आले की पहिल्या घरची कारभारीण त्यांना पाणी देई. मग चहा. आमच्याकडे चहा न घेता पुढं गेलात तर लेकराबाळांवर राग हाय असं समजू, असं म्हटल्यावर शहरातला माणूस काय करणार. तिथून सुटले की दुसऱ्या घरी गाव कुठलं, आजोळ कुठलं, तिकडचे अमके तुमचे कोण, आणि पुन्हा चहा. मंगळवारी आलेल्या तिघांनी पाच घरचा चहा घेतला, हौसाबाईंच्या पडवीत पिठलं-भाकरी आणि वर गूळ खाल्ला, आणि घोंगडीवर जे आडवे झाले ते ऊन उतरल्यावर उठले. मग त्यांनाच लाज वाटली आणि बाईंच्या पाया पडून ते परत गेले. हौसाबाईंनी जाताना त्यांना एवढंच सांगितलं, “बाळंतिनीच्या दाराशी गर्दी करायची नसती, बाबा. तुमालाबी आईनंच जल्म दिलाय.”

मी आणि साडू ओढ्याच्या अलीकडे जांभळाखाली बसलो होतो. लांबून बेहडा स्वच्छ दिसायचा. माझं तोंड झाडाकडे आणि साडूंचं वाटेकडे. कुणी चुकून इकडून आलं तर दिसावं म्हणून ते तसे बसलेत असं मी धरून चाललो. दर थोड्या वेळानं ते विचारत, “आला का?” आणि मी नाही म्हणे. मंगळवार तसाच गेला. दुर्बीण माझ्याकडे होती. ज्या माणसानं मला नऊ वर्षं धड एक पक्षी बघू दिला नव्हता, तो आता मला एका लिंपलेल्या भोकाकडे बघायला लावून स्वतः तिकडे पाठ करून बसला होता. फटीत चोचीचं टोक दिसायचं, मग आत जायचं. आधी ते वरचेवर दिसे, मग कमी कमी दिसू लागलं. हे मी साडूंना सांगितलं नाही. रात्री हौसाबाईंच्या पडवीत मला झोप आली नाही.

बुधवारी दुपारी तो आला. आधी उंबरावर बसला, मान वाकडी करकरून खाली बघून घेतलं, मग जड पंखांनी बेहड्यावर आला आणि ढोलीशी बुंध्याला चिकटला. गळ्यातून एकेक उंबर वर काढून तो फटीत धरू लागला. आतलं चोचीचं टोक लगोलग बाहेर आलं. मी मोजायला लागलो, अकरा उंबरं झाली, मग मला पुढचं दिसेना.

“आला,” मी म्हणालो.

“दाराशी गेला?”

“गेला. भरवतोय. साडूभाऊ, वळा की इकडे. बघा.”

त्यांनी मान हलवली, वळले मात्र नाहीत. “नगं. माझ्या नजरंमुळंच झालं हे. पिल्लं भाईर पडूस्तवर म्या तिकडं बघायचं न्हाई असं ठरवलंय.”

गुडघ्यांवर हात ठेवून ते वाटेकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं. दोन दिवस ते काय म्हणून तसे बसले होते ते मला तेव्हा कळलं, आणि माझ्याच्यानं राहवेना.

“तुमची नजर नव्हती,” मी म्हणालो. “मी दाखवलं. त्या कॅमेरावाल्याला. मला साडेतीनची गाडी हवी होती.”

नर उडून गेला, त्याच्या पंखांचा आवाज आमच्या डोक्यावरून गेला. मी खाली मान घालून बसलो होतो. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेणार होतो, ऊठ आणि चालू लाग म्हणाले असते तर चालू लागणार होतो.

“तुमी दाखवलंत व्हय,” साडू शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज चक्क सैल पडला होता. “बरं झालं सांगितलंत, पाव्हणं. मला वाटलं, माझं डोळंच आता इमानाचं ऱ्हायलं न्हाईत.”

आणि बसल्या जागीच ते हळूहळू माझ्या बाजूला वळले. मी दुर्बीण पुढे केली, त्यांनी घेतली नाही. उघड्या डोळ्यांनी त्या फटीकडे बघत बसले. नर दुसरा घास घेऊन आला, तिसरा घेऊन आला, ऊन पालीच्या घरांमागे गेलं, तरी ते बघत होते.

ज्येष्ठात ढोली फुटली आणि पिल्लं बाहेर आली. तेव्हा मी ऑफिसात होतो. साडूंनी फोन करून सांगितलं, दोन पिल्लं आणि आई, तिन्ही धडधाकट. मग पाऊस संपल्यावर आमच्या सहली पुन्हा सुरू झाल्या आणि आणखी सहा वर्षं चालल्या. मी दर रविवारी गेलो. थकवा काही कमी झाला नाही, उलट वयाबरोबर वाढलाच. आता साडूंना गुडघे वर चढू देत नाहीत आणि दुकानात त्यांचा पुतण्या मोबाईल दुरुस्त करतो.

पण त्या बुधवारच्या बोलण्याचा त्यांनी पुढे कधी उल्लेख केला नाही. हिला सांगितलं नाही, मेहुणीला सांगितलं नाही, हौसाबाईंना तर नाहीच. त्या वारल्या त्या मला चांगला माणूस समजून. अजूनही भोरला गेलो की साडू आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात आणि मला बसायला उन्हापासून बाजूची जागा देतात. त्यांनी एकदा तरी माझ्यावर रागवावं असं मला फार वाटतं. मी तिथे दोन-दोन तास बसतो, त्यांना तशी संधी मिळावी म्हणून विषय त्या वैशाखापर्यंत आणतो, आणि ते मला अजून थोडा चहा घ्या म्हणतात.